उलटीवाल्या मॅडम

"घाटात गाडी लागते का तुम्हाला?"

नोकरीच्या पहिल्या दिवशी मॅडमनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. नाव नाही, गाव नाही, आधी कुठं काम केलं ते नाही. मी जालन्याहून आलेली, सर्टिफिकेटांची पिशवी छातीशी धरून ऑपरेशन थिएटरच्या दारात उभी. समोर चाळिशीच्या एक बाई, कानावर कापडी टोपी ओढलेली, आणि माझ्याकडं अशा बघतायत की मी नोकरीला नाही, तपासून घ्यायला आले आहे.

"लागते," मी म्हटलं. "कन्नडच्या घाटात तर हमखास."

"मग बरं झालं. तुम्हाला सांगावं लागणार नाही," असं म्हणून त्या आत निघून गेल्या. मला वाटलं, इथं काही आपलं खरं नाही.

त्या आमच्या धर्मादाय दवाखान्यातल्या भूल देणाऱ्या डॉक्टर. या माणसांचं नशीब तसं विचित्रच असतं. लोक सर्जनचे पाय धरतात, पेढे त्याला देतात, आणि ज्यानं झोपवून पुन्हा जागं केलं त्याचं नावही कुणी विचारत नाही. मॅडमचं नावही कुणी विचारलं नाही, पण कन्नड, सिल्लोड, फुलंब्रीकडच्या गावांत त्यांना सगळे ओळखायचे. 'उलटीवाल्या मॅडम' म्हणायचे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला राग आला. त्यांना मात्र ते नाव आवडायचं.

त्या काळी भूल म्हटली की उलटी आलीच, असंच सगळे धरून चालत. डॉक्टरही, नातेवाईकही. ऑपरेशनहून आलेल्या माणसाच्या खाटेखाली आम्ही न सांगता घमेलं ठेवायचो. मॅडम ते घमेलं पायानं बाजूला सारायच्या. "आधीच बोलावणं धाडता होय तिला?" म्हणायच्या.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी त्यांची वॉर्डात फेरी असायची. छाती, बीपी, दात बघून झाले की खरी चौकशी सुरू. गाडी लागते का? झोक्यावर बसलं की गरगरतं का? मागं कधी भूल दिली होती तेव्हा ओकाऱ्या झाल्या होत्या का? बिडी ओढता का? एकदा एका म्हाताऱ्यानं बिडीचं ऐकून कानाला हात लावला. "नाय जी. देवाची आन."

"ओढत असाल तर सांगा बाबा. ओढणाऱ्याला उलटी कमी होते."

"आसं व्हय? मंग वढतो की. रोजचा कट्टा लागतो मला."

सगळा वॉर्ड हसला. मॅडम हसल्या नाहीत. "उलटी कमी होते, पण खोकला फार होतो. तेव्हा आज रात्रीपासून बंद," म्हणाल्या आणि त्याच्या उशाखालचा कट्टा काढून घेऊन गेल्या.

बाईमाणूस, गाडी लागणारी, आणि ऑपरेशन पोटाचं नाहीतर कानाचं असलं की मॅडमच्या कपाळाला आठी पडायची. अशा पेशंटला त्या उलटीची दोन वेगवेगळी औषधं द्यायच्या. एक झोप लागल्यावर लगेच आणि एक ऑपरेशन संपता संपता. "मळमळीला घरात शिरायला बरीच दारं असतात, एकच लावून काय उपयोग?" असं मला समजावलं होतं. ट्रे मांडताना भुलीच्याही आधी उलटीचं इंजेक्शन भरून ठेवायचं, हा त्यांचा नियम. ते भरलेलं नसेल तर पेशंट टेबलावर असला तरी काम सुरू होत नसे. आमचे सर्जन घड्याळ बघत, हातमोजे घातलेले हात वर धरून उभे राहायचे.

सर्जनचा हात सोन्याचा, पण डोकं गरम. "मॅडम, उलटीनं कुणी मरत नाही हो," ते म्हणायचे.

मॅडम मान खाली घालून सुई भरत राहायच्या. "टाके तुम्ही घालता सर. उबळ येते तेव्हा कधीतरी पेशंटच्या पोटावर हात ठेवून बघा, किती ओढ बसते ती."

मला त्या एकदा म्हणाल्या होत्या, "दुखणं माणूस सोसतो सिस्टर. दुखणं एका जागी असतं, त्याच्याकडं बोट दाखवता येतं. मळमळीला जागाच नाही. ती आली की माणसाला आपलं अंगच नकोसं होतं." हे त्यांना पुस्तकातून कळलं नव्हतं. मॅडमना स्वतःला रिक्षासुद्धा लागायची. ऊन असो, पाऊस असो, बाप्यांची मोठी काळी छत्री घेऊन त्या उस्मानपुऱ्यातल्या घरून चालत यायच्या आणि चालत जायच्या. अजिंठ्याला शिबिर होतं तेव्हा ड्रायव्हरशेजारी बसून, हातात लिंबू, डोळे समोरच्या रस्त्यावर लावलेले, आणि फुलंब्री, सिल्लोड करत जीप दर थोड्या वेळानं थांबवलेली. पोचल्यावर रंग उडालेला चेहरा धुतला आणि पहिल्याच पेशंटला विचारलं, "गाडी लागते का?" जीपचा ड्रायव्हर तोंडावर रुमाल धरून, हसू दाबत बाजूला झाला.

त्यांच्या तऱ्हा सांगाव्यात तेवढ्या थोड्या. स्ट्रेचर ढकलणाऱ्यांवर त्या डोळ्यांत तेल घालून नजर ठेवायच्या. वळणावर गती वाढली की, "अरे, झोपलेलं माणूस आहे, उसाची गाडी नाही!" कँटीनवाल्याशी तर उभा दावा. त्याची कढई आमच्या पेशंटच्या खोलीच्या खिडकीखाली. ऑपरेशनच्या दिवशी दुपारी तळण बंद, असा हुकूम मॅडमनी काढला आणि त्यानं तो धुडकावल्यावर स्वतः जाऊन त्याच्या स्टोव्हची हवा काढली. संध्याकाळी त्याच्याकडंच गेटाबाहेरच्या बाकावर बसून मिरचीची भजी खाल्ली, आणि चांगली झालीत असंही सांगितलं. पेशंट सावरल्याची त्यांची खूण एकच, त्यानं आपल्या तोंडानं चहा मागितला पाहिजे. तोवर त्या घरी जायच्या नाहीत. वॉर्डात खुर्ची टाकून बसायच्या. "मागितला का?" "अजून नाही मॅडम." "बरं." मग एखादी बाई क्षीण आवाजात म्हणायची, घोटभर च्या मिळंल का. की मॅडम छत्री उचलायच्या.

आम्ही मागं हसायचो, खोटं कशाला सांगू. पुढं एका रविवारी त्यांनी मला घरी जेवायला बोलावलं, आणि त्यानंतर मला त्यांच्यावर हसता आलं नाही.

उस्मानपुऱ्यात वरच्या मजल्यावर दोन खोल्या. राहणारी माणसंही दोनच, मॅडम आणि त्यांचे वडील, दादा. मॅडमनी लग्न केलं नव्हतं. दादा मूळचे पिशोरचे, शेतकरी. बायको गेल्यावर शेती भावाच्या हवाली केली आणि लहानग्या पोरीला घेऊन शहरात आले. कापसाच्या जिनिंगमध्ये वॉचमनकी करून तिला शिकवली. दुसरं लग्न केलं नाही. पांढरं धोतर, अंगात बंडी, ताठ म्हातारा. मी दवाखान्यातली म्हटल्यावर त्यांना फार आनंद झाला. बाजूला बसवून घेतलं आणि, पाहुणा आला की ते सांगायचेच म्हणे, ती हकीकत मलाही सांगितली.

"पोलीस ॲक्शन होऊन दोन-तीन वर्सं झाली आसतील. हिची माय दवाखान्यात आणली. पोटात गाठ व्हती. तवाची भूल कशी, तोंडावर जाळी ठिवायची आन् वरून थेंब थेंब दवा सोडायची. आप्रेशन ब्येस झालं म्हणले. पर ती शुदीवरच येईना निटशी, नुसती गुंगीत. शेजारच्या खाटेपाशी एक जाणता माणूस व्हता. तो म्हणला, भूल म्हंजी विख, आंगात राहिली तर माणूस येडं व्हतं. उलटी करून काढा. डाक्टर तर निघून गेल्येले. मंग म्या मीठपाणी केलं, आन् वाटीवाटीनं पाजलं. तिला नको व्हतं, त्वांड फिरवायची. म्या धरून पाजलं. समदी भूल काढली सिस्टर, थेंब ठिवला नाय."

दादांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

"तरी गेली बिचारी. ताप चढला, दम लागला, तिसऱ्या दिशी गेली. देवाची मर्जी. पर म्या मह्याकून कसर नाय ठिवली. येवढंच एक समाधान हाये." मग स्वयंपाकघराकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "आगं बाई, तू बी देतीस ना तुह्या पेशंटला मीठपाणी?"

आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. तो न थांबता मॅडम म्हणाल्या, "देते, दादा."

मी नर्स. अर्धवट शुद्धीतल्या माणसाला उलटी करवली तर काय होतं, ते मला कुणी सांगायला नको होतं. ती उलटी तोंडावाटे बाहेर येते तितकीच श्वासनळीतून खाली उतरते. मग ताप, मग दम. मॅडमनी पान वाढताना माझ्याकडं एकदाच बघितलं आणि किंचित मान हलवली. बोलू नका, एवढाच त्याचा अर्थ.

जेवणानंतर मला सोडायला त्या खाली आल्या. जिन्यातच म्हणाल्या, "कॉलेजात भुलीचं लेक्चर चालू होतं. सर सांगत होते, उलटी फुफ्फुसात गेली की ताप येतो, दम लागतो, पेशंट दोन-तीन दिवसांत दगावतो. मी भराभर लिहून घेत होते. लिहिता लिहिता मला एकदम दादांचा आवाज ऐकू आला. मग पुढचं काही लिहिलं नाही."

"त्यांना कधी..."

"नाही. कळता कामा नये. ते एवढ्यावरच उभे आहेत सिस्टर, की त्यांनी कसर ठेवली नाही. ते काढून घेतलं तर माणूस बसेल खाली. मी आहे तोवर त्यांना कळणार नाही."

छत्री न घेताच आल्या होत्या. कोपऱ्यापर्यंत माझ्याबरोबर चालल्या आणि परत फिरल्या.

यानंतर काही वर्षांनी अजिंठ्याकडची एक सासू आमच्याकडं आली. तिच्या सुनेचं अपेंडिक्स फुटायला आलेलं, म्हणून घाईनं ऑपरेशन केलं. पोरगी वीस-बावीस वर्षांची, तोळामासा प्रकृतीची. ऑपरेशन छान झालं, उलटीचं औषध मॅडमनी दिलेलं होतंच. पोरगी शांत गुंगीत पडलेली. मॅडम पुढच्या पेशंटच्या तयारीला थिएटरमध्ये गेल्या. मी वॉर्डात दुसऱ्या टोकाला सलाईन बदलत होते. तेवढ्यात ठसका ऐकला आणि मागं वळून बघते तर सासूच्या एका हातात तांब्या, दुसऱ्या हातानं सुनेची मान उचलून धरलेली, आणि पोरीच्या तोंडानाकातून पाणी.

मी ओरडले. तिला कुशीवर लोटली, खाटेची डोक्याकडची बाजू खाली केली. मॅडम धावत आल्या. त्यांना मी त्याआधी धावताना कधी बघितलं नव्हतं. पोरीचे ओठ निळे पडत चाललेले. मॅडमनी नळी घालून घशातलं ओढून काढलं, मास्क तोंडावर दाबून ऑक्सिजन दिला, पुन्हा नळी, पुन्हा मास्क. तोंडानं एकच चालू होतं, "घे बाळा, श्वास घे. घे." किती वेळ गेला ते मला सांगता यायचं नाही. शेवटी ओठांवर लाली आली, पोरगी जोरात खोकली आणि रडायला लागली. मॅडम तिच्या खाटेला धरून उभ्या राहिल्या.

सर्जन आले. सगळं कळल्यावर त्यांचा संताप अनावर झाला. "मारून टाकली असती तुम्ही पोर! अक्कल आहे का? उद्या आमच्या नावानं बोंब मारली असती!" सासू भिंतीला टेकून खाली बसली. तांब्या अजून हातातच.

"सर, तुम्ही बाहेर जा," मॅडम म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण सर्जन गेले.

मॅडम त्या बाईजवळ फरशीवर मांडी घालून बसल्या. बाई बोलू लागली. "इख हाये म्हंत्यात वो ते. निगालं नाय तर डोक्यात जातं म्हंत्यात. मही लई माया हाये वो तिच्यावर. सून नाय, लेक हाये मही. म्या मारली आसती का वो तिला?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "मेली नाही ती. आणि तुम्ही मायेनंच पाजलं. चूक आमची आहे. भूल अंगातून कशी निघते, हे आम्ही तुम्हाला कधी सांगितलंच नाही."

मग त्यांनी त्या बाईला उठवून खाटेपाशी नेलं. तिचा तळवा धरून सुनेच्या तोंडासमोर ठेवला. "लागतोय वारा? आता वाकून वास घ्या. गोडूस वास येतोय ना? ती भूल. श्वासातून निघून चाललीय बघा. उलटीची गरज नाही, मिठाची नाही, कशाची नाही. तुम्ही फक्त जवळ बसायचं. वास कमी होत जाईल. थांबला की समजायचं, गेली."

बाईनं वाकून वास घेतला. पुन्हा घेतला. मग पदरानं डोळे पुसून खाटेजवळ बसली ती दिवस मावळेपर्यंत हलली नाही. मधून मधून तळवा धरायची, वाकायची, आणि आम्हाला सांगायची, "निगू राह्यली. निगू राह्यली." पोरीला पुढं ताप आला, छातीत कफ झाला, पण वाचली. आठवड्याभरानं चालत घरी गेली. सासूनं मॅडमच्या कपाळाला कुंकू लावलं.

त्या दिवसापासून मॅडमनी ही रीतच पाडली. ऑपरेशनहून पेशंट आला की नातेवाइकांपैकी एकाला पुढं बोलवायचं, तळवा धरायला लावायचा, वास घ्यायला लावायचा. बजावून सांगायचं, की गुंगीत असताना तोंडात पाण्याचा थेंब घालायचा नाही, उलटी करवायची नाही, त्यानं जीव जातो. हातानं काही करायला मिळालं की माणसं शांत बसतात, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. वॉर्डातले मीठपाण्याचे तांबे बंद झाले. दोन-तीन वर्षांत सर्जनसुद्धा नव्या नातेवाइकांना म्हणायला लागले, "या, वास घ्या." पेशंटला मळमळ नसली की टाके चांगले भरतात, हेही ते चारचौघांत सांगत, आणि जणू आपणच शोधून काढलं अशा थाटात सांगत.

घरी मात्र यातलं अक्षर जात नव्हतं. दादांचा प्रश्न यायचा, आणि 'देते, दादा' हे उत्तर तसंच जायचं. मी ते पुढं बऱ्याचदा ऐकलं. मॅडमना काय होत असेल, ते त्यांनी कधी दाखवलं नाही.

आणि मग दादांनाच पित्ताचे खडे झाले. पोट धरून बसायचे, पण ऑपरेशन नको म्हणायचे. शेवटी कावीळ झाली तेव्हा तयार झाले. वय झालेलं, त्यामुळं दुसऱ्या भूलतज्ज्ञाला बोलवा, वडिलांना स्वतः भूल देऊ नका, असं सर्जननी मॅडमना समजावलं. मॅडमनी ऐकलं नाही. उलटीवरचं एक नवं औषध तेव्हा नुकतंच निघालं होतं, ते आमच्या शहरात सहज मिळत नव्हतं. त्यांनी ते मुंबईहून मागवून घेतलं.

थिएटरमध्ये नेताना दादांनी मला जवळ बोलावलं आणि बंडीच्या खिशातून मिठाची पुडी काढून माझ्या हातात ठेवली. "हिच्या मागं लई कामं. इसरंल ती. तुमी ध्यान ठिवा. शुदीवर आलो की मीठपाणी."

"ठेवते दादा," मी म्हटलं. मॅडम पाठमोऱ्या उभ्या होत्या, ट्रेवरची इंजेक्शनं बघत. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

ऑपरेशन उत्तम झालं. दादा गुंगीतून हळूहळू वर आले. ना उबळ, ना मळमळ. मॅडम खाटेजवळच होत्या. दादांनी डोळे उघडले, मुलीला बघितलं आणि पुन्हा मिटले. तेव्हा कुठं त्या कपडे बदलायला आणि घोटभर पाणी प्यायला गेल्या. तेवढीच काय ती त्यांची पाठ वळली.

दादा जागे झाले. "सिस्टर, उलटी नाय झाली का?"

"नाही दादा. छान आहे सगळं."

"छान कसं? आतच राहिली मंग. मीठपाणी आणा."

मी म्हटलं, थोडं थांबा, मॅडम येऊ देत. ते ऐकेनात, उठायला बघायला लागले. तेव्हा शेजारच्या खाटेजवळ बसलेली फुलंब्रीकडची एक म्हातारी पुढं सरकली. तिच्या नवऱ्याचं मूतखड्याचं ऑपरेशन आदल्या दिवशी झालेलं. "आवो बाबा, मीठपाणी नका मागू!" ती म्हणाली. "भूल काय उलटीनं निगती का? श्वासातून निगती. काल मालकाची म्या सवता पाह्यली, आसा हात धरून. गुंगीतल्या माणसाला मीठपाणी पाजलं तर ते छातीत उतरतं, माणूस जातं. हितल्या भूलवाल्या बाईनंच सांगितलं मला."

मला तिला थांबवता आलं नाही. ती आपली चांगुलपणानंच बोलत होती, आणि खरंच बोलत होती.

दादा उठायचे थांबले. त्यांनी डोकं पुन्हा उशीवर टेकवलं. मॅडम आल्या तेव्हा मी त्यांना खूण करायला बघितली, पण दादा आधी बोलले.

"बाई, ह्या म्हणत्यात ते खरं हाये?"

मॅडमनी म्हातारीकडं बघितलं, मग माझ्याकडं. काय झालं ते त्यांना कळलं. मी त्यांना इतक्या वर्षांत पेशंटला एकही गोष्ट खोटी सांगताना ऐकलं नव्हतं. दुखेल तर दुखेल म्हणायच्या.

"आत्ताची भूल तशी असते दादा," त्या म्हणाल्या. "श्वासातून जाणारी. तेव्हाची वेगळी होती. ती उलटीनंच निघायची."

"व्हय?"

"व्हय, दादा."

दादा वर पंख्याकडं बघत राहिले. म्हातारी काही तरी चुकलं असं समजून आपल्या नवऱ्याकडं वळली आणि त्याचं पांघरूण सारखं करायला लागली. मॅडम सलाईनची नळी तपासायला लागल्या. ती नीट होती.

"तुला कवापासून ठावं हाये?"

मॅडमनी नळी पुन्हा तपासली.

"तुला इचारू राह्यलो, बाई."

"कॉलेजात होते तेव्हापासून," मॅडम म्हणाल्या.

दादांच्या एका हाताला सलाईन होतं. दुसरा हात त्यांनी पांघरुणातून बाहेर काढला आणि चाचपडत मॅडमचा हात शोधला. त्यांचे डोळे भरून वाहत होते, पण ते मुलीकडंच बघत होते.

"आन् येवढी वर्सं एकलीच घेऊन बसलीस?" ते म्हणाले. "आगं, सांगायचं नाय का मला. दोघं मिळून रडलो आसतो."